शेवाळ्यावरची पाटी

॥ श्री ॥

गिरगाव,
१७ जानेवारी १९६०

प्रिय कुशाबा,

संक्रांत होऊन तीन दिवस झाले. पाकिटात हलव्याचे चार दाणे टाकले आहेत. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचा चुरा झाला तर चुरा खा. तिळगुळाबरोबर जे म्हणायचं असतं ते मात्र यंदा तुला म्हणायला माझी जीभ वळत नाही. का, ते विचारू नकोस. म्हणजे विचारशील तर सांगेन, पण आज नको.

तू गावी गेल्याला महिना होत आला. गिरणीत आपल्या साच्यावर बदलीवाला उभा करून, कुणाला न भेटता, धक्क्यावर जाऊन बोटीत बसलास, एवढं मला रखमाकडून कळलं. ती म्हणाली, "मास्तर, टेकडीच्या पायथ्याशी त्यानं हातातलो दगड खाली ठेवलो नि मागे फिरलो. वर बघूक पण नाय." तो दगड अजून तिथेच आहे, कुशाबा. चाळीतली माणसं रविवारी वर जातात, आपापला दगड उचलतात, तुझ्या दगडाला वळसा घालतात.

शेवंतीची खबर आधी द्यायला हवी होती. घसरून मोडलेला पाय अजून प्लॅस्टरमध्ये आहे. हाड जुळेल, पण चालताना थोडी लंगडेल, असं डॉक्टर म्हणतात. वीस वर्षांची पोर. लवूचं लग्न गेल्या वैशाखात झालं तेव्हा तूच तिला पायथ्याशी उभी करून तिच्या हातात खडा दिला होतास आणि म्हणाला होतास, "नवरी असलीस म्हणून काय झाला? रिकाम्या हातान वर जावचा नाय." ती लाजली, मग जरा मोठा बघून घेतला. तुला आठवतं?

मला सगळं आठवतं. म्हाताऱ्याला दुसरा उद्योग काय? छप्पन्नच्या जानेवारीत लालबागला संचारबंदी लागली आणि मी गिरगावचा माणूस तुमच्या चाळीत अडकलो. तुझ्या खोलीत तुझ्या माणसांच्या रांगेत भिंतीकडे तोंड करून झोपलो. खाली अश्रुधूर सुटला तेव्हा बायकापोरं मागच्या टेकडीवर पळाली; काट्याकुट्यांतून, घसरत, एकमेकींचे पदर धरून. त्याच वेळी तू म्हणालास की ह्या टेकडीला एक वाट हवी. पळायला नव्हे, चालायला. तिच्या माथ्यावरून खाडीपलीकडचे डोंगर दिसतात. "थंयसून गाव दिसणा नाय मास्तर, पण गाव खंयच्या बाजूक ता तरी दिसता." गिरणीतून सुटलेल्या माणसाला रविवारी आपल्या गावाची दिशा बघायला मिळावी म्हणून कुणी वाट बांधतं, हे मी कुठल्या क्रमिक पुस्तकात वाचलं नव्हतं.

आणि मग तीन वर्षं रविवारचं श्रमदान. रस्तादुरुस्तीतले उरलेले दगड, पडलेल्या भिंतींचे चिरे, बायकांच्या डोक्यावरची घमेली. मी पहिल्या दिवशी खिशात कवितेचं पुस्तक घालून आलो तेव्हा रखमा म्हणाली, "ह्यो हात रिकामो!" सगळे हसले. तू हसला नाहीस. तू म्हणालास, "मास्तरांक दगड झेपाचो नाय. ते शब्द घेवन येतीत. वाटेर पाट्ये लागतीत त्ये मास्तर लिवतीत."

असो. चाळीच्या मंडळाची बैठक झाली. लवू बोलायचं ते बोललाच. "कुशाबा म्हातारा म्हणतो पाटी होती. मग गेली कुठं? नुसता खांब उभा हाय. आणि शेवंतीला वाचता येतं. पाटी असती तर तिनं शेवाळ्यावर पाय टाकलाच नसता." कुणीतरी माझ्याकडे बघितलं. माझा घसा बसला होता. थंडी फार आहे यंदा.

आपलं मराठी राज्य मिळणार हे आता नक्की झालं म्हणतात. तू परत ये. तुझ्यावर कुणाचा राग नाही. असला तरी उतरेल.

तुझा,
मनमोहन मास्तर

---

गिरगाव,
१४ फेब्रुवारी १९६०

प्रिय कुशाबा,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर नाना पोस्टमनचं, पण आवाज तुझा. "पाटी मी माझ्या हातान तारेन बांधलेली. ती पडली म्हंजे माझोच हात पडलो. चेडवाचो पाय माझ्यामुळे मोडलो. आता खंयच्या तोंडान येव?"

हे कार्ड मी उशीखाली ठेवलं, मग कपाटात ठेवलं, मग पुन्हा बाहेर काढलं. चार दिवस पोटात अन्न जात नाही. माझी पुतणी मृणालिनी विचारते, काका, पित्त झालं का? मी म्हणतो, हो, पित्त.

कुशाबा, माझी अडचण समजून घे. तुला वाचता येत नाही. मी जे लिहीन ते नाना तुझ्या खळ्यात बसून मोठ्यानं वाचणार. शेजारीण सुपारी कातरत ऐकणार. मागच्या पत्रातल्या हलव्यावरसुद्धा तिथे चर्चा झाली असं तू कळवतोस. अशा पत्रात माणसानं काय लिहावं आणि काय लिहू नये?

नाना पोस्टमन, आपली ओळख नाही. तुम्हाला हात जोडून विनंती करतो. इथून पुढचं कुशाबाच्या कानाशी वाचा. मागच्या पडवीत जा. नाहीतर बांधावर जा.

पाटी पडली नाही, कुशाबा. पाटी मी काढली.

त्या रविवारी सकाळी आरडाओरडा झाला, तुम्ही सगळे शेवंतीला चादरीच्या झोळीत घालून खाली उतरवत होता, तेव्हा मी वर एकटा होतो. तू साच्याची तार अशी आवळली होतीस की पीळ सुटता सुटेना. माझ्या उजव्या अंगठ्याला तिचा ओरखडा आहे, तो अजून दिसतो. पाटी काढली, उपरण्यात गुंडाळली आणि टेकडीच्या मागच्या अंगानं उतरून ट्राम पकडली. कंडक्टरनं विचारलं, "काय मास्तर, जेवणाचा पाट घेतलात का नवा?" मी हो म्हटलं. त्यानंही हसून तिकीट फाडलं. त्या ट्राममध्ये मला एवढंच सुचत होतं की उपरण्याबाहेर अक्षर दिसत नाही ना.

आता ती पाटी माझ्या पलंगाखाली आहे.

तू बांधलेली गाठ पक्की होती. तुझा हात पडला नाही. एवढं तुला कळावं म्हणून हे लिहिलं. पाटी का काढली ते पुन्हा कधीतरी लिहीन. तिचा रंग नीट वाळला नव्हता, असं समज. नको, असं समजू नकोस. ते खोटं आहे. पण आज माझ्याच्यानं पुढे लिहवत नाही.

तुझा,
मनमोहन

---

गिरगाव,
२० मार्च १९६०

प्रिय कुशाबा,

महिनाभर तुझं उत्तर नाही. बरोबर आहे. अर्ध्या गोष्टीला कोण उत्तर देतं? मी वर्गात मुलांना सांगायचो, कविता अर्धी पाठ करणं म्हणजे न करणं.

आज पूर्ण लिहितो. नानांनी कुठेही बसून वाचावं. खळ्यात वाचलं तरी चालेल.

तू पाट्या लिहायचं काम मला दिलंस तेव्हा एक गोष्ट बजावली होतीस. वाटेवरच्या जागांची नावं बायकांनी ठेवलेली आहेत, ती तशीच लिहायची. चढ सुरू होतो आणि पदर खोचावा लागतो ती पदरखोच. जिथे बसून श्वास घ्यायचा तो उसासा. माथ्यावरची गावदिशा. आणि उसाशाच्या वरचं ते वळण, जिथे जुन्या टाक्याचं पाणी कातळावर झिरपतं आणि ऐन थंडीतसुद्धा हिरवी बुळबुळ वाळत नाही, तो शेवाळ्या. नाव ऐकलं की माणूस आतल्या अंगानं चालतो. त्यासाठीच ते नाव. चाळीतलं पोरगंसुद्धा तिथे हात धरतं.

पदरखोच, उसासा, गावदिशा. काय नावं आहेत! मी वेडा झालो होतो रे. वाट पुरी होईल त्या दिवशी म्हणायला मी कविता रचत होतो. इंद्रवज्रा. शाळेत तीस वर्षं मी ते वृत्त फळ्यावर लघु-गुरूच्या खुणा करून शिकवलं. एकेका जागेवर दोन दोन ओळी. सगळं बसत होतं आणि शेवाळ्या काही केल्या बसेना. शे, वा, ळ्या, तिन्ही गुरू. रात्रंदिवस तोच शब्द. आणि एके दिवशी अंघोळ करताना ओळ आली:

मोतीझरा हा खडकात गातो,
थांबा जरासे, थकल्या जिवांनो।

तांब्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, झालं. मग वाटलं, कवितेत मोतीझरा आणि पाटीवर शेवाळ्या, हे कसं दिसेल? आणि शेवाळ्या हे काय नाव आहे, उद्या बाहेरची माणसं ही वाट बघायला येतील. मी ब्रश घेतला आणि मोठ्या अक्षरांत मोतीझरा लिहिलं. खाली बारीक अक्षरांत ती दुसरी ओळ. थांबा जरासे. जिथे कुणी क्षणभर थांबू नये तिथे.

शनिवारी संध्याकाळी तू पाटी खांबाला बांधलीस. मागे सरून तू ती बघितलीस, जशी तू वर्तमानपत्रातली चित्रं बघतोस, मान तिरपी करून. म्हणालास, "अक्षर झॅक इला हा. काय लिवलात, मास्तरांनू?"

मी म्हणालो, "तेच रे. शेवाळ्या."

तू म्हणालास, "बरा झाला. आता नवीन माणूस पण घसराचा नाय."

तुला वाचता येत असतं तर मी असं म्हणालो नसतो. हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. चौथ्यांदा राहू देतो.

दुसऱ्या दिवशी शेवंती सगळ्यांच्या आधी वर गेली. का, ते मला माहीत होतं. चाळीतल्या बायकांसाठी मी दुपारी घेतो त्या वर्गातली ती सगळ्यात हुशार. रेशनच्या दुकानावरचं, पिठाच्या गिरणीवरचं, विडीच्या बंडलावरचं, दिसेल ते मोठ्यानं वाचत जायची. तिला नव्या पाट्या वाचायच्या होत्या. गावाहून येऊन सात महिने झालेली ती मुलगी, तिला जागांची नावं कुठली सगळी माहीत असणार? तिनं वाचलं आणि झरा कुठे आहे ते बघायला ती बाहेरच्या कातळावर गेली.

हे मला कसं ठाऊक, विचारशील. परवा ती वर्गाच्या दारात आली. काखेत कुबडी, हातात अंकलिपी.

"मास्तर, ही तुमची."

"अगं, राहू दे. बरी झालीस की लागेल."

"नको. मला वाचायला येत नाय."

"कोण म्हणतं?"

"मीच." ती उंबऱ्याला टेकून उभी राहिली. आत आली नाही. "पाटीवर शेवाळ्या लिहिलेलं. कुशाबाकाका सगळ्यांना सांगत होते. आणि मी मोतीझरा वाचलं. एखादं अक्षर चुकतं तर समजले असते. माझं सगळंच चुकलं. शे आणि मो सारखे दिसतात काय हो, मास्तर?"

मी खडू शोधत राहिलो.

"मी कुणाला सांगितलं नाय. हसतील. मी म्हटलं, पाटी बघितलीच नाय. म्हणून हे म्हणतात पाटी नव्हतीच, आणि कुशाबाकाकांना खोटं पाडतात. पण मी काय सांगू? बघितली आणि भलतंच वाचलं?"

कुशाबा, त्या वेळी मी काय बोललो, ते तुला सांगतो. मी म्हणालो, "होतं असं कधी कधी. नवशिक्याचं होतं."

तिनं मान डोलावली. अंकलिपी बाकावर ठेवली. कुबडीचा आवाज जिन्यावरून खाली जाईपर्यंत मी ऐकला. वर्गातल्या बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी फळ्याकडे तोंड करून "कमळ" लिहिलं.

पाय मोडला तो तरी जुळला. हे मी काय मोडलं?

तुझा म्हणवून घ्यायची लायकी नाही,
मनमोहन

---

गिरगाव,
१९ एप्रिल १९६०

कुशाबा,

तुझं कार्ड आलं. नानांनी एवढं मोठं कार्ड एका ओळीसाठी वापरलं. "माका कित्याक सांगतात? चेडवाक सांगा."

बरोबर. शंभर वेळा बरोबर. आणि तरी कार्ड वाचल्यावर पहिला विचार काय आला, सांगू? तू एकदा इथे असतास तर मी तुझ्या शेजारी उभा राहून सांगितलं असतं. म्हणजे पुन्हा तूच ओझं उचलायचंस.

एक मे रोजी राज्य येतंय. रविवार आहे. मंडळानं ठरवलंय की त्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळ्यांनी वाटेनं वर जायचं, गावदिशेवर पणत्या लावायच्या, खालची रोषणाई बघायची. आणि मास्तरांनी कविता म्हणायची. रखमा स्वतः सांगायला आली, "तुमची ती कविता म्हणा, तीन वर्सां लिवतात ती. नि कुशाबाक कळवा. त्येका आणा. त्येच्याशिवाय पणती कोण लावतलो?"

मी बसून पाहिलं, ही गोष्ट कवितेतच घालता येईल का. शेवटी दोन ओळी वाढवायच्या, "माझ्या करे जे घडले अनिष्ट" वगैरे. ओळ वृत्तात बसत होती. बसली म्हणूनच फाडून टाकली.

दोनदा लवूच्या खोलीपर्यंत गेलो. एकदा तो पाळीवरून यायचा होता, शेवंती भाकरी थापत होती. दारातूनच तिनं विचारलं, "काय मास्तर?" मी म्हणालो, "सहज." दुसऱ्यांदा दार बंद होतं आणि मला किती बरं वाटलं! जिना उतरताना मी चक्क गुणगुणत होतो.

काही लोकांना वाटतं मी तुझ्या आठवणीनं झुरतोय. चाळीत माझ्याविषयी माया वाढली आहे. परवा कुणीतरी सोलकढी आणून दिली. मी प्यायलो.

एक मे रोजी सांगेन. सगळ्यांसमोर. तुझी बोट लागेल त्याची वाट न बघता. सांगेन म्हणजे, कुशाबा, सांगेनच.

मनमोहन

---

लालबाग,
२९ मे १९६०

प्रिय कुशाबा,

हे पत्र मी गिरगावातून लिहीत नाही. वर्गाच्या खोलीत बसून लिहितोय. बायका अजून आल्या नाहीत. किती येतील तेही माहीत नाही. हल्ली तिघी येतात.

तू आला नाहीस. मी धक्क्यावर जाऊन तीन बोटी पाहिल्या, हे तुला सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

एक मेला मी पाटी पुन्हा उपरण्यात गुंडाळून ट्रामनं लालबागला आलो. रस्त्यांवर पताका होत्या, दुकानांवर दिव्यांच्या माळा, अनोळखी माणसं एकमेकांना पेढे भरवत होती. मलाही एकानं भरवला. पायथ्याशी सगळी चाळ जमली होती. रखमा नेहमीप्रमाणे हात तपासत होती. मला बघून ओरडली, "अरे, आज मास्तरांचो हात रिकामो नाय! काय हाडलात? हार्मोनियम?" सगळे हसले. मीसुद्धा हसलो, कुशाबा. ते माझं त्या चाळीतलं शेवटचं हसू.

शेवंती कुबडी सोडून काठीवर आली आहे. लवूनं तिचा दंड धरला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हाताच्या मुठीत दगड. पदरखोचीपाशी ती दोनदा थांबली, पण मूठ उघडली नाही. उसाशाला सगळे बसले. तिथून वर शेवाळ्या. नुसता खांब उभा होता. मंडळानं आता तिथे दोर बांधला आहे.

मी म्हणालो, "इथे थांबा."

"इथं कशाला?" लवू म्हणाला. "कविता वर म्हणा ना."

मी उपरणं सोडलं. तारेचा पीळ अजून पाटीला तसाच होता. मी ती शेवंतीसमोर धरली. ती तिरपी झाली होती. शेवंती म्हणाली, "मास्तर, नीट धरा."

"वाच."

"नको. सगळ्यांसमोर नको."

"वाच, बाय. चुकलीस तर चूक माझी."

तिनं बोट लावलं. "मो." थांबली. माझ्याकडे बघितलं. "ती. झ. रा." मग सगळं एकत्र, जसं मी शिकवलं होतं तसं: "मोतीझरा."

आणि खालची ओळसुद्धा वाचली, अडखळत, कुणी सांगितलं नव्हतं तरी. थांबा जरासे, थकल्या जिवांनो. वाचून झाल्यावर ती पाटीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मला येत होतं."

मग मी बोललो. घसा बसला नव्हता. मी नाव बदललं, कुशाबाला खोटं सांगितलं, पाटी चोरली, बैठकीत गप्प बसलो, शेवंतीला "नवशिक्याचं होतं" म्हणालो. पाच वाक्यं. तीस वर्षं शिकवणाऱ्या माणसाचं एवढं छोटं भाषण कुणी ऐकलं नसेल.

आता ऐक. तुझाच नियम होता ना, रिकाम्या हातानं वर जायचं नाही? तिथे जमलेल्या प्रत्येकाच्या हातात दगड होता. बायका, म्हातारे, शाळकरी पोरं. आणि समोर मी. माझ्या ते आधी लक्षात आलं नव्हतं. बोलून झाल्यावर दिसलं.

लवू म्हणाला, "आणि आम्ही त्या म्हाताऱ्याला, देवमाणसाला..." त्याचा हात वर गेला. रखमा म्हणाली, "लवू. हात खाली घे."

"तुला कळतंय काय केलं ह्यानं?"

"कळता. दगड वर न्हेवचे असत. हयसर टाकूचे नाय."

तिनं तिचा दगड डाव्या हातातून उजव्यात घेतला आणि दोराला धरून पुढे निघाली. मग एकेक जण. माझ्या अंगावरून गेले, कुशाबा. कुणी थुंकलं नाही, कुणी शिवी दिली नाही. वाट अरुंद आहे, म्हणून प्रत्येकाला अंग चोरावं लागत होतं, माझा धक्का लागू नये म्हणून. शेवंती सगळ्यांत शेवटी गेली. कवितेचं कुणी विचारलं नाही. मी पाटी मांडीवर घेऊन बसलो. वर पणत्या लागल्या, खाली सगळ्या मुंबईत दिवे लागले, जयजयकार ऐकू आला. आपलं राज्य आलं तेव्हा मी शेवाळ्यावर होतो, मध्येच.

उतरताना शेवंती माझ्यासमोर थांबली. "पाटी द्या." रखमाच्या चंचीतला चुना तिनं बोटावर घेतला, पाटी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: शेवाळ्या. पालथ्या हातानं बोट पुसलं. ळ जरासा आडवा पडला आहे. मी सुधारला नाही. लवूनं ती पाटी खांबाला बांधली. तार तुझीच.

चुना पुसला जाईल म्हणून पुढच्याच रविवारी तिनं रंगानं पुन्हा गिरवलं. मोतीझरा मागच्या बाजूला आहे. खांबाच्या त्या बाजूला कुणी जात नाही.

मी दर रविवारी जातो. बोलत कुणी फारसं नाही. रखमा हात बघते आणि मान हलवते, एवढंच. शेवंती माझ्या वर्गात येत नाही. खालच्या मजल्यावरच्या बकुळाबाईंची मुलगी शाळेत जाते, तिच्याकडे वाचते. परवा वर्तमानपत्राची घडी काखेत मारून माझ्या वर्गाच्या दारावरून गेली. पोरं आता त्या वळणाला काय म्हणतात ते तुला कोणीतरी सांगेलच, मीच सांगतो: मास्तरांचो शेवाळ्यो. माझं नाव कुठेतरी कोरलं जावं असं मला फार वाटायचं.

तुझा दगड पायथ्याशी आहे. मी उचलला नाही. उचलून वर ठेवावा असं एकदा मनात आलं होतं. मग वाटलं, हेही पाटी बदलण्यासारखंच होईल. तो तुझ्या हातानंच जायचा. बोटी आता बंद होतील. नारळीपौर्णिमेनंतर पहिल्या बोटीनं ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. वाटेवर ये.

मघाशी शेवंती दारात आली होती. मी कुणाला लिहितोय ते तिनं विचारलं. सांगितलं. म्हणाली, "खाली जागा सोडा. मला लिहायचंय." मी जागा सोडली. म्हणाली, "मास्तर, तुम्ही तिकडे बसा. बघू नका." तेव्हा पुढे काय आहे ते मला माहीत नाही आणि पाकीट तीच चिकटवणार आहे.

मनमोहन

कुशाबाकाका यांस शेवंतीचा नमस्कार.
पाटी तुम्ही पक्की बांधली होती. मी बरोबर वाचली होती.
पाय बरा आहे. चढताना दुखतो. हे म्हणतात काकांनी माफ करावं.
तुमचा दगड जागेवर आहे. या.
मास्तर आता दगड वाहतात. लहान घेतात. मी बघते.